डोळ्यातील इंजेक्शन आणि नंतरचा आठवडा

उतारवयात नजर मंदावली की खेड्यापाड्यांतून तिला बहुधा एकच नाव दिले जाते, ते म्हणजे मोतीबिंदू. पुष्कळदा ते बरोबरही असते. २०१५ ते २०१९ या काळात पार पडलेल्या राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणात पन्नास वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींमधील अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के असल्याचे आढळून आले. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ग्रामीण भागाच्या चांगलीच परिचयाची झाली आहे. डोळ्यावर पट्टी, काळा चष्मा, काही दिवस औषधाचे थेंब, आणि मग त्या डोळ्याची काळजी मिटली, असा लोकांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

वार्धक्यामुळे होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासाचे तसे नाही. त्याच्या एका प्रकारावर डोळ्याच्या आत इंजेक्शन द्यावे लागते, आणि तेही एकदा नव्हे तर पुनःपुन्हा. या इंजेक्शनामागून येणारे बहुतेक उपद्रव किरकोळ असतात. परंतु एक-दोन असे आहेत की काही तासांत उपचार मिळाला नाही, तर डोळा कायमचा जाऊ शकतो. किरकोळ कोणता आणि गंभीर कोणता, हे ओळखण्याची पहिली वेळ डॉक्टरांवर येत नाही. ती घरच्या माणसांवर येते, आशा सेविकेवर येते, आणि वृद्ध माणूस ज्यांच्याकडे विश्वासाने सल्ला विचारावयास जातो त्या गुरुजींवर किंवा ग्रामपंचायत सदस्यांवर येते. म्हणून हा विषय केवळ वैद्यकाचा म्हणून बाजूस सारता येत नाही.

मधोमध पडणारा डाग

डोळ्याच्या मागील बाजूस दृष्टिपटल असते. लोकभाषेत त्याला डोळ्याचा पडदा म्हणतात. या पडद्याच्या मध्यभागी सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा पिवळसर भाग असतो, तो पीतबिंदू. वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदळातील खडे वेचणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे याच एवढ्याशा जागेवर अवलंबून असतात. ती बिघडली तरी कडेची नजर शाबूत राहते. रोगी गल्लीतून चालतो, विहिरीवर जातो, गुरे ओळखतो. सबब घरच्यांना शंका येत नाही. फार तर आजोबा माणसांची नावे विसरू लागले असे त्यांना वाटते. वास्तविक आजोबांना चेहराच दिसत नसतो.

या विकाराचे दोन प्रकार आहेत. कोरड्या प्रकारात पीतबिंदू सावकाश झिजत जातो व त्यावर या इंजेक्शनांचा उपयोग होत नाही. ओल्या प्रकारात पडद्याखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून पाणी व रक्त झिरपते, आणि काही आठवड्यांतच मधली नजर जाऊ शकते. सरळ रेषा वाकड्या दिसू लागणे हे याचे ठळक लक्षण होय. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क ॲम्स्लर यांनी याच लक्षणाच्या आधारे चौकटींचा एक साधा तक्ता तयार केला. तो जवळ नसला तरी गणिताच्या चौकटीच्या वहीचे पान चालते. मध्ये एक ठिपका द्यावा, जवळचे पाहण्याचा चष्मा असल्यास तो लावावा, एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहावे. रेषा वाकलेल्या किंवा मधल्या चौकटी पुसलेल्या दिसल्या तर विलंब न लावता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. वही नसेल तेथे दाराची चौकट आणि खिडकीचे गज हेच काम करतात. वयाला इलाज नाही, परंतु धूम्रपान हे या विकाराचे टाळता येण्याजोगे मोठे कारण आहे, ही गोष्ट तेंदूपत्त्याच्या या जिल्ह्यात सांगून ठेवणे अप्रस्तुत होणार नाही.

सुई कोठे जाते

डोळ्यात इंजेक्शन म्हटले की ऐकणाराच डोळे मिटून घेतो. प्रत्यक्षातील क्रिया मात्र थोडक्या मिनिटांची आहे. प्रथम बधिरता आणणारे थेंब घालतात. मग पापण्या व डोळा पोव्हिडोन आयोडीनने निर्जंतुक करतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून केसासारखी बारीक सुई आत घालून सुमारे ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब औषध डोळ्याच्या पोकळीतील पारदर्शक काचाभ द्रवात सोडतात. हे अंतर विचारपूर्वक ठरलेले आहे. त्याहून पुढे टोचल्यास नेत्रभिंगाला इजा होऊन मोतीबिंदू होण्याचा धोका असतो, आणि मागे टोचल्यास दृष्टिपटलाला भोक पडण्याचा.

नव्या रक्तवाहिन्यांना वाढीची चिथावणी देणारे एक प्रथिन शरीरातच तयार होते. ही औषधे त्याला निष्प्रभ करतात. त्यांपैकी बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगावरील औषध. २००४ साली अमेरिकेत त्याला आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली आणि २००५ मध्ये मायामी येथील नेत्रतज्ज्ञांनी ते डोळ्यात वापरून पाहिले. रॅनिबिझुमॅब हे खास डोळ्यासाठी बनविलेले औषध २००६ मध्ये, तर अफ्लिबर्सेप्ट २०११ मध्ये आले. त्यापूर्वी ओल्या प्रकाराच्या रोग्याला मधली नजर गेलेलीच समजावी लागे. आता बहुसंख्य रोग्यांची नजर आहे तेथे टिकून राहते व काहींची सुधारतेही. त्यासाठी प्रारंभी महिन्याला एक याप्रमाणे सहसा तीन इंजेक्शने व पुढे तपासणीनुसार कमीअधिक अंतराने आणखी काही द्यावी लागतात. पहिल्या वर्षी एकूण सात-आठ इंजेक्शने होणे हे नेहमीचे आहे.

लाल डोळा व दुखरा डोळा

इंजेक्शननंतर रोग्याचे नातेवाईक सर्वाधिक घाबरतात ते डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पसरलेला लालभडक डाग पाहून. हा डाग म्हणजे सुई टोचताना फुटलेल्या बारीक रक्तवाहिनीतून पातळ आवरणाखाली साचलेले रक्त. दिसावयास तो भयंकर असला तरी दुखत नाही, नजरेला बाधत नाही व एक-दोन आठवड्यांत आपोआप विरून जातो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत तो अधिक दिसतो. तेवढ्यासाठी हृदयविकाराची गोळी आपल्या मनाने बंद करणे हा मात्र धोक्याचा व्यवहार आहे. या इंजेक्शनासाठी ती बंद करण्याची सहसा आवश्यकता नसते.

दुसरी तक्रार पहिल्या रात्रीच्या चुरचुरीची. डोळ्यात वाळू गेल्यासारखे वाटते, पाणी वाहते. याचे कारण बहुधा इंजेक्शन नसून निर्जंतुकीकरणासाठी वापरलेले आयोडीन असते. ही आग चोवीस तासांत ओसरते. म्हणून कोणी डॉक्टरांना आयोडीन नको म्हणून गळ घालू नये. डोळ्यातील संसर्ग टाळण्यासाठी त्याच्याइतकी भरवशाची दुसरी वस्तू नाही. काहींना दोन दिवस डोळ्यापुढे काळे गोल ठिपके तरंगताना दिसतात. ते औषधाबरोबर गेलेल्या हवेचे बुडबुडे असतात व विरून जातात. इंजेक्शन देताच क्षणभर अंधारी येते, ती डोळ्यातील दाब वाढल्यामुळे. म्हणूनच डॉक्टर लगेच बोटे मोजावयास सांगतात. काचबिंदू असलेल्यांनी तो आहे हे आधीच सांगणे अगत्याचे आहे, आणि नुकताच हृदयविकाराचा झटका अथवा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी तर अवश्य सांगावे.

आता गंभीर उपद्रवांकडे वळू. त्यांतील पहिला व सर्वांत भयप्रद म्हणजे डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग. साधारणतः दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एकदा तो उद्भवतो. प्रमाण फार थोडे आहे; तथापि एकाच रोग्याला वर्षानुवर्षे इंजेक्शने घ्यावयाची असल्याने ते नगण्य मानता येत नाही. जंतू बहुतेक वेळा बाहेरून कोठून येत नाहीत. ते रोग्याच्या स्वतःच्या पापण्यांवरचे, किंवा रोगी वा डॉक्टर यांच्या तोंडातील असतात. इंजेक्शनच्या वेळी खोलीत बोलू नये, मुखपट्टी बांधावी, हा नियम त्यामुळेच पडला. तोंडातील जंतूंचा संसर्ग विशेष उग्र असतो.

हा संसर्ग बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान प्रकट होतो आणि नेमका येथेच घोटाळा होतो. पहिल्या रात्रीच्या चुरचुरीची सवय झालेला माणूस तिसऱ्या दिवशीच्या दुखण्यालाही तेच समजतो. दोहोंत फरक आहे. आयोडीनची आग दर तासाला उतरत जाते, संसर्गाची वेदना दर तासाला चढत जाते. सकाळी दिसत होते ते संध्याकाळी धूसर झाले, उजेड सहन होईना, पापणी सुजली, लाली वाढू लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. काही वेळा वेदना अगदी कमी असते व केवळ नजर झपाट्याने उतरते. अशा वेळी दुखत नाही या समाधानावर राहणे घातक ठरते.

असा डोळा घेऊन माणूस प्रथम जातो तो बहुधा औषधाच्या दुकानात. तेथे मिळणारे थेंब, मग ते कितीही भारी असोत, काचाभ द्रवापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. तोंडाने घेण्याच्या गोळ्यांवरही विसंबता येत नाही. तज्ज्ञाला डोळ्यातील द्रवाचा नमुना घेऊन प्रतिजैविके थेट डोळ्यातच द्यावी लागतात व संसर्ग तीव्र असल्यास शस्त्रक्रियेने तो द्रव काढून टाकावा लागतो. दुकानातील काही थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली उतरते, बरे वाटू लागते आणि आत संसर्ग वाढतच राहतो. घरात मागील वेळचे उरलेले थेंब असतील तर तेही या वेळी वापरू नयेत.

दुसरा गंभीर उपद्रव दृष्टिपटल सुटण्याचा. तो त्याहूनही विरळ आहे. डोळ्यात विजेसारख्या चमका दिसणे, काळ्या कणांचा एकदम वर्षाव होणे व एका कडेने पडदा ओढल्यासारखा अंधार पसरणे ही त्याची चिन्हे. यात दुखत मुळीच नाही, हे ध्यानात ठेवावे.

एक कुपी, अनेक रोगी

याखेरीज जंतूंशिवायही डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो. औषधातील सूक्ष्म अशुद्धी किंवा औषधाविषयीची शरीराची प्रतिक्रिया हे त्याचे कारण. असा दाह अनेकदा लवकर, पहिल्या दिवशीच उमटतो व स्टिरॉइडने आवरतो. परंतु तो जंतुसंसर्ग नव्हे हे ठरविण्याचा अधिकार तज्ज्ञाचाच. ब्रोल्युसिझुमॅब या औषधाला अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. पुढच्याच फेब्रुवारीत तेथील दृष्टिपटलतज्ज्ञांच्या संघटनेने त्यामुळे दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांचा दाह झाल्याचा इशारा दिला. चाचण्यांतील नोंदी नव्याने तपासल्या असता सुमारे ४.६ टक्के डोळ्यांत दाह झाल्याचे दिसले. औषध नवे व महाग आहे म्हणून ते अधिक निर्धोक असतेच असे नाही.

आपल्या देशात या विषयाला मोठी प्रसिद्धी मिळाली ती २०१६ च्या जानेवारीत. गुजरातमध्ये बेव्हासिझुमॅबचे इंजेक्शन घेतलेल्या १५ रोग्यांना डोळ्यांचा त्रास झाल्यानंतर भारताच्या औषध महानियंत्रकांनी डोळ्यासाठी हे औषध न वापरण्याचा इशारा दिला. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी त्यावर आपले म्हणणे मांडले व मार्चमध्ये तो इशारा मागे घेण्यात आला. संघटनांचा मुद्दा सरळ होता. हे औषध इतरांच्या तुलनेत अत्यंत स्वस्त; अमेरिकेत सरकारी साहाय्याने झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत ते रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे ठरलेले; जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये डोळ्यासाठी त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केलेला. ते बंद झाले असते तर गरीब रोग्यापुढे उपचार सोडण्यावाचून मार्ग उरला नसता. हा युक्तिवाद रास्त होता असेच म्हणावे लागेल.

परंतु स्वस्ताईचे कारणच धोक्याचेही कारण आहे. बेव्हासिझुमॅबची ४ मिलिलिटरची कुपी कर्करोगाच्या मात्रेची असते. डोळ्याला एवढेसेच औषध लागत असल्याने एका कुपीतून अनेक रोग्यांच्या मात्रा निघतात व खर्च विभागला जातो. मात्रा वेगळ्या करताना एक चूक झाली तर ती एका रोग्याला भोवत नाही, सगळ्यांनाच भोवते. २०११ साली मायामी येथे एकाच औषधशाळेत भरलेल्या सिरिंजांमुळे १२ रोग्यांना संसर्ग झाला. त्याआधी २०१० मध्ये चीनमधील शांघाय येथे इंजेक्शन घेतलेल्या ११६ रोग्यांपैकी ८० जणांच्या डोळ्यांना दाह झाला. ते औषधच बनावट निघाले. यास्तव औषध निर्जंतुक कक्षात विभागले जाते काय, हे रोग्याने विचारण्यात काही वावगे नाही. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, कोणत्या डोळ्यात दिले तो डोळा व तारीख रोग्याच्या कागदावर लिहून घ्यावी. दोन्ही डोळ्यांना एकाच दिवशी इंजेक्शन द्यावयाचे झाल्यास प्रत्येक डोळ्याची साधने वेगळी व शक्यतो औषधाचा बॅचही वेगळा असावा, असा संकेत आहे.

देवरीहून नागपूर

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्याचे आठ तालुके. गोंदिया शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून आहे. तथापि दृष्टिपटलाचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले असतात व या जिल्ह्याला सर्वांत जवळचे मोठे शहर म्हणजे रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरील नागपूर. तिरोडा, आमगाव, सालेकसा ही गावे हावडा-मुंबई लोहमार्गावर असल्याने तेथील माणसाला गाडी तरी मिळते. देवरी व सडक अर्जुनीच्या माणसाला महामार्गावरील वाहनांचाच आधार. त्यातही आडबाजूच्या टोल्यावर राहणाऱ्याला आधी महामार्ग गाठावा लागतो. इंजेक्शनच्या दिवशी हा प्रवास ठरवून होतो. तिसऱ्या दिवशी रात्री डोळा दुखू लागला तर तो ठरवून करता येत नाही.

तेव्हा त्याची तयारी इंजेक्शनच्या आधीच झाली पाहिजे. इंजेक्शन देणाऱ्या रुग्णालयाचा रात्री लागणारा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घरात लावावा. रोग्याला बारीक अक्षर दिसत नाही म्हणूनच तर तो रोगी आहे. शेजारचे कोणते वाहन रात्री निघू शकेल हे विचारून ठेवावे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना रोग्याची कल्पना असल्यास ते डोळा पाहून योग्य ठिकाणी तत्काळ पाठविण्याची व्यवस्था करू शकतात. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. ग्रामपंचायतीकडे अशा रोग्यांची यादी असावी असे सुचविले तर ते फार मोठे काम ठरू नये. एका गावात असे रोगी कितीसे असणार? खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणते उपचार मिळतात याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच करावी.

पहिल्या आठवड्यात डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, डोळा चोळू नये, धुळीचे काम करू नये एवढे पथ्य पुरे. येथील जीवनक्रमात मात्र एवढेसेही सोपे नाही. माजी मालगुजारी तलावात बुडी मारून आंघोळ करणारा माणूस आठ दिवस तलाव टाळील, पण रोवणीच्या दिवसांत चिखलाचा हात कपाळावरचा घाम पुसताना डोळ्याला लागतोच. मळणीच्या वेळी भुसा उडतो. घरातील दुसऱ्याने तेवढे दिवस ते काम उचलणे हाच त्यावर उपाय.

रोवणीमुळे आणखी एक गोष्ट घडते, ती म्हणजे पुढील इंजेक्शनची तारीख चुकते. धान लागले की जाऊ, असे म्हणता म्हणता दोन महिने लोटतात आणि थांबलेले झिरपणे पुन्हा सुरू होते. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या बंद होत्या, तेव्हा ठिकठिकाणच्या नेत्रतज्ज्ञांना हेच पाहावयास मिळाले. उशिराने परतलेल्या अनेक रोग्यांची गेलेली नजर पूर्णपणे परत आली नाही. काही जण भीतीमुळे थांबतात. शेजारच्या गावात कोणाचा तरी इंजेक्शनने डोळा गेला अशी वार्ता येते, आणि तो डोळा कशाने गेला, किती दिवसांनी दाखविला, याची चौकशी कोणी करीत नाही. दोन-तीन हजारांत एकदा येणारा संसर्ग आणि उपचार सोडल्यास ओल्या प्रकारात बहुतेकांच्या वाट्याला येणारी नजरेची हानी, या दोहोंची तुलना रोग्यापुढे मांडण्याचे काम गावातील जाणत्या माणसालाच करावे लागते. आषाढात इंजेक्शन येत असेल तर ते चुकविण्याऐवजी तारीख दोन-चार दिवस मागेपुढे करून मिळेल काय, हे मागील भेटीतच डॉक्टरांना विचारावे. रोवणीच्या हंगामाचे दिवस त्यांना सांगितल्याशिवाय कळत नाहीत.